ट्राम गेल्यावर उरलेली जमीन

मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहाच्या सुमारास बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून, सुटली आणि दादरला जाऊन थांबली. निरोप द्यायला रस्त्यांवर माणसे लोटली होती. ज्या ठिकाणी ती थांबली त्याला मुंबईकर आजही दादर टीटी म्हणतात, म्हणजे दादर ट्राम टर्मिनस. खोदादाद सर्कल हे नाव पाट्यांवर आणि नकाशांवर असले, तरी टॅक्सीत बसणारा माणूस टीटीच म्हणतो. तिथे आज रूळ नाहीत, तारा नाहीत आणि ट्रामसाठी बांधलेली म्हणून दाखवता येईल अशी एकही भिंत नाही. तरीही त्या चौकात पुण्याला जाणारी एसटी मिळते, महापालिकेच्या बेस्ट या उपक्रमाच्या शहर बस मिळतात आणि टॅक्सीही मिळते. वाहन बदलण्याची जागा म्हणून दादर टीटीचे काम ट्रामबरोबर संपले नाही. या लेखातले माझे म्हणणे या एका निरीक्षणावर उभे आहे. वाहतुकीसाठी घडवलेल्या जागेचा वारसा जपायचा असेल, तर तिथली वाहतूक चालू ठेवणे हेच त्या जतनाचे मुख्य काम आहे. ट्राम गेल्यानंतर मुंबईने हे काम बऱ्याच अंशी केले, ते मुद्दाम ठरवून केले असे मात्र म्हणता येणार नाही. आज बेस्टच्या आगारांच्या जमिनी व्यापारी विकासासाठी देण्याची जी घाई चालली आहे, तिच्यात तेच काम पुसले जाण्याचा धोका आहे.

ट्रामच्या जागा शहरात कशा आल्या, हे आधी पाहिले पाहिजे. १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम चालवण्याचा परवाना मिळवला होता. पण अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच कापसाची तेजी कोसळली आणि त्या मंदीत ती योजना बारगळली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी दोन मार्ग सुरू झाले. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाणारा, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच जाणारा. भाडे सुरुवातीला तीन आणे होते, ते पुढे दोन आण्यांवर आले. गाडी चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किटरेज कंपनीकडे आरंभीच नऊशे घोडे होते आणि १८९९ पर्यंत त्यांची संख्या १,३६० वर गेली.

या घोड्यांकडे नीट पाहिले की आगार ही गोष्ट शहरात का जन्माला आली ते कळते. ट्रामचा घोडा दिवसभर गाडी ओढू शकत नाही. काही तासांच्या ओढीनंतर त्याला सोडावे लागते, पाणी पाजावे लागते, घासावे लागते आणि विश्रांती द्यावी लागते, त्यामुळे रस्त्यावरच्या एकेका गाडीमागे तबेल्यात कितीतरी घोडे उभे असावे लागतात. त्यांचे गवत, दाणा, नालबंद, खोगीर-लगामांची दुरुस्ती आणि शेणाची विल्हेवाट या सगळ्याला मोठी, मोकळी आणि शहराच्या आतच असलेली जागा हवी होती. कारण ताजा घोडा मार्गाच्या टोकाला तयार नसेल तर पुढची फेरी सुटतच नाही. कंपनीचे कार्यालय कुलाबा कॉजवेच्या पश्चिम बाजूला होते, तिथे आज बेस्टचे इलेक्ट्रिक हाऊस आहे आणि त्याच नावाच्या थांब्यावरून बस सुटतात. दीडशे वर्षांत घोडा गेला, वीज आली, डिझेल आले, आता बॅटरी आली आहे. जागेचे काम मात्र तेच राहिले.

विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. त्यासाठी १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजेच बेस्ट, उभी राहिली होती आणि वाडीबंदरला वाफेवरचे वीजघर बांधण्यात आले होते. आज आपण बेस्टला बसवाली संस्था समजतो, पण शहराला वीज देणे आणि शहराला फिरवणे ही दोन्ही कामे एका संस्थेकडे आली ती ट्राममुळे. विजेच्या ट्रामची रचना समजून घेण्यासारखी आहे. गाडीच्या टपावरचा लांब दांडा डोक्यावरच्या तारेला टेकतो आणि वीज खाली आणतो. मोटारीतून गेलेली वीज लोखंडी चाकांतून रुळात उतरते आणि रुळावाटेच वीजघराकडे परतते. म्हणजे रूळ हा निव्वळ गाडीचा मार्ग नसून विद्युतमंडलाचा अर्धा भाग असतो. तो रस्त्याच्या पातळीत बसवलेला असतो, चाकाची कड ज्यात उतरते ती अरुंद खाच तेवढी उघडी राहते आणि दोन्ही बाजूंना फरसबंदीचे दगड बसवलेले असतात. गाडीला वळण घेण्यासाठी ठरावीक त्रिज्या लागते, त्या त्रिज्येप्रमाणे रूळ वाकवावे लागतात आणि रुळांप्रमाणे चौक मोकळा ठेवावा लागतो. मार्गाच्या टोकाला गाडी फिरवण्यासाठी वर्तुळ तरी लागते, नाही तर दांडा दुसऱ्या बाजूला वळवून चालकाने उलट्या टोकाला जाऊन बसण्याइतकी निवांत लांबी तरी लागते.

ट्रामच्या टर्मिनसचे स्थापत्य मी याला म्हणतो. रेल्वेच्या स्थानकाला घुमट असतो, घड्याळ असते, कोरीव दगड असतो. त्याचे छायाचित्र काढता येते. ट्रामच्या टर्मिनसचे स्थापत्य जमिनीत आखलेले असते. रस्त्याची रुंदी, चौकाचा व्यास, पदपथाची मागे सरकलेली कड आणि आजूबाजूच्या इमारतींनी सोडलेली मोकळीक यांतच ते असते. दादर टीटीला गेल्यावर मान वर करून इमारती पाहाव्यात, पण आधी खाली पाहावे आणि त्या चौकाला एवढी जागा कोणी आणि कशासाठी ठेवली असेल, हा विचार करावा.

ही जागा ठेवण्यामागे १८९६ च्या प्लेगची पार्श्वभूमी आहे. दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये माणसे मरू लागली, तेव्हा १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहर उत्तरेकडे पसरवण्यासाठी दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांत नवी आखणी झाली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी या वस्त्या त्या आखणीतून उभ्या राहिल्या. विन्सेंट रोड, म्हणजे आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, रुंद आखला गेला. दादर टीटीच्या चौकातल्या इमारतींचे दर्शनी भाग चौकाच्या गोलाईला धरून वळलेले आहेत, वर छत्र्या आहेत, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे आहेत. एकेक इमारत वेगळी काढून पाहिली तर ती देखणी आहे एवढेच म्हणता येईल; पण चारी बाजूंच्या इमारती मिळून मधल्या मोकळ्या जागेला जो आकार देतात तो त्या काळच्या नगररचनेचा उत्तम नमुना आहे. मधली जागा रिकामी आहे म्हणून भोवतालच्या इमारतींना अर्थ आहे. आणि ती जागा रिकामी राहिली, कारण तिथे गाड्या यायच्या होत्या.

शहराबाहेर नव्याने वसवलेल्या या भागात कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर राहायला आले, ते फोर्टातल्या कचेऱ्यांत वेळेवर पोहोचण्याची सोय होती म्हणून. लालबाग-परळच्या गिरणगावातून जाणाऱ्या ट्रामने कामगारही फिरला. १९२० च्या सप्टेंबरमध्ये दुमजली ट्राम आली, कारण एकमजली गाड्यांना गर्दी पेलवेना. १९३५ मध्ये मुंबईत ४७ किलोमीटर रुळांवर ४३३ ट्रामगाड्या होत्या. ४७ किलोमीटर हे अंतर आजच्या मेट्रोच्या जाळ्यापुढे लहान दिसते, पण त्या काळच्या शहराचा आकार ध्यानात घेतला तर ट्राम जवळपास सगळ्या जुन्या मुंबईत पोहोचली होती. मुंबईचा मध्यमवर्ग आणि श्रमिकवर्ग एकाच डब्यात शेजारी-शेजारी बसला, ही गोष्ट मला त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

ट्राम बंद करण्याचा निर्णय मूर्खपणाचा होता, असे मी म्हणणार नाही. रस्त्याच्या मधोमध चालणारी, रूळ सोडून बाजूला होऊ न शकणारी गाडी मोटारींच्या गर्दीत अडकू लागली होती. तिच्यामागे बस अडके, बसमागे टॅक्सी अडके. बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली होती. तिला रूळ लागत नव्हते, तारा लागत नव्हत्या आणि मार्ग हवा तसा बदलता येत होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली, तेव्हा शहराच्या विस्ताराला पुरी पडेल अशी सेवा देण्याची जबाबदारी लोकनियुक्त संस्थेवर आली. तिने बसचा पक्ष घेतला. ट्रामला रस्त्यात स्वतःची राखीव पट्टी देण्याचा विचार झाला असता तर कदाचित वेगळा इतिहास घडला असता, पण त्या काळात जगभरच्या शहरांनी मोटारीला वाट करून देण्यासाठी ट्राम काढली आणि मुंबई त्याला अपवाद ठरली नाही.

मधल्या काळात एक प्रयोगही झाला. ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. तिला रूळ नव्हते, रबरी चाके होती, पण वीज डोक्यावरच्या तारांमधूनच घ्यायची होती. २४ मार्च १९७१ रोजी तीही बंद पडली. धूर न सोडणारे, विजेवर चालणारे सार्वजनिक वाहन आपण नऊ वर्षे चालवले, मोडीत काढले आणि आता विजेच्या बस मोठ्या कौतुकाने विकत घेत आहोत. गवालिया टँकला ट्रामचे टर्मिनस होते, ट्रॉलीबस तिथूनच सुटे, बसही तिथे येतात. त्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि त्याचे स्मारक तिथे योग्य मानाने उभे आहे. त्याच परिसरात शहराच्या प्रवासाचा शंभर वर्षांचा इतिहासही घडला, त्याची खूण सांगणारा एक फलकसुद्धा मला तिथे हवा आहे.

१९६४ साली खरी चूक झाली ती कागदांची आणि खुणांची. ट्राम काढताना तिच्या आगारांचे, थांब्यांचे, खांबांचे आणि रुळांच्या आखणीचे पद्धतशीर नोंदपुस्तक लोकांसमोर आले नाही. बऱ्याच ठिकाणी रूळ उखडण्याऐवजी त्यांच्यावर डांबर टाकण्यात आले, म्हणूनच फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना जमिनीखालून ते पुन्हा वर आले. मुंबईने १९९५ मध्ये वारसा जतनाची नियमावली लागू केली, देशात हे काम करणाऱ्या पहिल्या शहरांमध्ये ती आहे. पण तोवर ट्राम जाऊन एकतीस वर्षे झाली होती आणि यादी करणाऱ्यांची नजर स्वाभाविकपणे कमानी, कोनाडे, घुमट यांच्याकडे होती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला मिळाली. या दोन्हींचा मला अभिमान आहे. तरीही ज्या वाहनाने सामान्य माणूस त्या इमारतींपर्यंत रोज पोहोचला, त्या वाहनाची जागा वारसा या व्याख्येत बसू शकली नाही, ही त्या व्याख्येतली उणीव आहे.

ही उणीव भरून काढण्याचे काही प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. १९८४ मध्ये कुर्ला आगारात बेस्टचे संग्रहालय सुरू झाले, १९९३ मध्ये ते आणिक आगारात गेले. ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे आणि तिकीट छेदण्याची यंत्रे तिथे पाहता येतात. बोरीबंदरसमोरच्या भाटिया बागेत एक ट्राम उभी करण्यात आली आहे आणि फ्लोरा फाउंटनजवळ रुळाचा तुकडाही लोकांना दिसावा म्हणून ठेवला आहे. मुलांना घेऊन जावे अशी ही ठिकाणे आहेत. पण बागेत उभी केलेली ट्राम कोणालाच कुठे नेत नाही. ती पाहून शहराचा वाहतुकीचा वारसा जपला गेला, असे समाधान महापालिकेने करून घेऊ नये आणि आपणही करून घेऊ नये. आणिक आगारातले संग्रहालय मला जास्त मोलाचे वाटते, ते एका चालत्या आगारात आहे म्हणून. तिथे जुन्या तिकिटांकडे पाहणाऱ्याला बाहेर बसचा आवाज ऐकू येतो.

इतर शहरांनी आपल्या ट्रामच्या जागांचे काय केले, हे पाहणे उपयोगाचे आहे. लंडनमध्ये किंग्जवे रस्त्याखालून १९०६ मध्ये ट्रामचा भुयारी मार्ग सुरू झाला होता, त्यात होबर्न आणि ऑल्डविच ही दोन स्थानके होती. १९५२ मध्ये तिथली ट्राम बंद झाली आणि १९६४ मध्ये, म्हणजे मुंबईची ट्राम बंद झाली त्याच वर्षी, त्या भुयाराचा दक्षिणेकडचा भाग मोटारींसाठी खुला झाला. सार्वजनिक वाहनाचा मार्ग खासगी मोटारींना मिळाला. न्यूयॉर्कमध्ये विल्यम्सबर्ग पुलाच्या मॅनहॅटनकडच्या टोकाला डिलन्सी रस्त्याखाली १९०८ मध्ये ट्रॉलीचे भुयारी टर्मिनस बांधले गेले. सुमारे एक एकर जागा, ठेंगणे छत, ओळीने उभे लोखंडी खांब, दगडी फरसबंदी आणि गाड्या फिरवण्यासाठी वळवलेले रूळ. १९४८ मध्ये ते बंद झाले. शेजारच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावरून तो काळोख आजही दिसतो. आरशांनी सूर्यप्रकाश खाली नेऊन तिथे झाडे वाढवायची आणि भुयारी बाग करायची, अशी देखणी योजना गेल्या दशकात निघाली. २०१५ ते २०१७ या काळात जवळच एका प्रयोगशाळेत तिचा नमुनाही लोकांनी पाहिला. २०२० मध्ये पैशांअभावी ती थांबली. देणग्यांवर उभी राहणारी बाग शेवटी देणग्यांवरच अडली, हे मला त्यातून शिकण्यासारखे वाटते. सार्वजनिक जागेचे भवितव्य सार्वजनिक निधीशिवाय आणि सार्वजनिक हेतूशिवाय ठरवायला गेले की असे होते.

कोलकात्याचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथे विजेची ट्राम १९०२ मध्ये सुरू झाली आणि मुंबई, दिल्ली, चेन्नई, कानपूर या शहरांनी ती सोडल्यावरही ती चालू राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये मैदान ते एस्प्लनेड एवढा छोटा वारसा-मार्ग ठेवून बाकीचे मार्ग बंद करण्याचा विचार राज्य सरकारने जाहीर केला आणि ट्रामप्रेमींनी त्याला विरोध केला. त्यांच्या तक्रारीतला एक मुद्दा आपल्या कानावर यायला हवा: गाड्या बंद झाल्या की पुढची नजर आगारांच्या जमिनीवर जाते. शहराच्या मध्यावर असलेली एवढी मोठी, सलग आणि सरकारी मालकीची जमीन दुसरीकडे कुठे मिळणार?

मुंबईत आज प्रश्न नेमका हाच आहे. बेस्टकडे २०१०च्या सुमारास साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या, आता स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून त्या तीन हजारांच्याही खाली आहेत. पूर्वी विजेच्या व्यवसायातून वाहतुकीची तूट भरून निघे, २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट आखडत गेली. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले, मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले, तरी तूट भरलेली नाही. या परिस्थितीत आगारांच्या जमिनीवर व्यापारी इमारती उभारून पैसा उभा करावा, हा प्रस्ताव पुन्हा पुन्हा समोर येतो. बेस्टने यापूर्वी काही आगारांच्या जागा विकासकांना दिल्याही आहेत.

या प्रस्तावाच्या बाजूने जे बोलले जाते ते मी हलक्यात घेत नाही. बेस्ट खरोखर कर्जात आहे, कर्मचाऱ्यांची निवृत्तीनंतरची देणी थकतात, आगारांवरचे मोकळे आकाश हे वापराविना पडलेले चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाची मुभा, आहे आणि जगात अनेक ठिकाणी बसस्थानकांवर इमारती उभ्या आहेत. खाली बस आणि वर कचेऱ्या, यात मुळात गैर काही नाही. ज्या शहरात माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तिथे जमीन एकाच कामाला बांधून ठेवणे ही चैन आहे, असेही कोणी म्हणेल.

माझा आक्षेप इमारतीला नाही, ती ज्या क्रमाने आखली जाते त्याला आहे. इमारत आधी आणि बस उरलेल्या जागेत, असा क्रम लागला की आगार निकामी होते. बारा मीटर लांबीच्या बसला पूर्ण वळण घ्यायला सुमारे चोवीस मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. वरच्या मजल्यांचे वजन पेलणारे खांब या वर्तुळात आले की चालकाला दोनदा-तीनदा मागेपुढे करावे लागते, गाडी खरचटते, मागची गाडी थांबते आणि सकाळच्या पहिल्या फेरीपासून वेळापत्रक चुकत जाते. दुमजली बस साडेचार मीटरपेक्षा उंच असते, तिच्यासाठी छत त्याहून बरेच वर हवे. विजेच्या बस रात्री उभ्या राहतात तेव्हा त्यांना चार्जिंगची यंत्रे लागतात, जाड केबली लागतात, उपकेंद्र लागते आणि आग लागल्यास अग्निशमन गाडी आत शिरेल एवढी वाटही लागते. डिझेलची बस कुठेही खेटून उभी करता येई. विजेची बस तशी उभी करता येत नाही. म्हणजे ज्या काळात आगाराला पूर्वीपेक्षा जास्त जागा हवी, त्याच काळात आपण ती कमी करायला निघालो आहोत. घोड्यांच्या काळी तबेल्याने मार्गांची क्षमता ठरवली होती. आज चार्जिंगची जागा ती ठरवणार आहे.

पैशाचाही हिशेब मांडला पाहिजे. जमीन एकदाच देता येते आणि तिच्यातून आलेला पैसा दोन-चार वर्षांच्या तुटीत जिरतो. तूट पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते, जमीन मात्र गेलेली असते. उत्पन्न घ्यायचेच असेल तर मालकी न सोडता, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने, दरवर्षी वाढणारे भाडे घेऊन ते घ्यावे आणि त्याचा प्रत्येक रुपया फक्त वाहतुकीवर खर्च व्हावा. विकासकाकडे थकबाकी राहिली तर करार आपोआप रद्द होण्याची अट त्यात असावी, कारण पूर्वीच्या व्यवहारांमध्ये थकबाकीची तक्रार वारंवार झाली आहे. सार्वजनिक वाहतूक ही तोट्यातला धंदा म्हणून तोलण्याची सवय आपण सोडली पाहिजे. उड्डाणपूल किती नफा देतो, असा प्रश्न कोणी विचारत नाही. दादर टीटीच्या चौकातून उड्डाणपूल नेताना तो विचारला गेला नव्हता. त्याच रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहून बसची वाट पाहणाऱ्या माणसालाच तोट्याचा हिशेब ऐकवला जातो, हे मला अन्यायाचे वाटते.

दादर हे ठिकाण मी मुद्दाम धरून ठेवले आहे. बेस्टची कार्यशाळा दादरला आहे, पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे मिळतात, टिळक पूल दोन्ही बाजू जोडतो आणि पुण्याकडे जाणारी वाहने तिथून सुटतात. ट्रामच्या आखणीने सोडलेली रुंदी नसती तर यातले कितीतरी काम त्या चौकात मावले नसते. ट्राम काढणाऱ्यांनी तेव्हा तो चौक विकायला काढला असता, मधल्या वर्तुळात व्यापारी संकुल उभे केले असते, तर १९६४ सालच्या पालिकेला चार पैसे मिळालेही असते. आज त्याची किंमत आपण रोज मोजली असती. तेव्हाच्या लोकांनी आपल्यासाठी तो चौक मोकळा राखला. आपण पुढच्यांसाठी आगारे राखायची की नाही, एवढाच निर्णय आपल्यापुढे आहे.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. मुंबईत ट्रामची आणि ट्रॉलीबसची टर्मिनसे, तबेले, आगारे आणि वीजघरे जिथे-जिथे होती, त्या जागांची नकाशासह यादी महापालिकेने आणि बेस्टने मिळून प्रसिद्ध करावी आणि आज त्या जागेवर काय आहे, मालकी कोणाची आहे, हेही त्यात लिहावे. वारसा नियमावलीत इमारतींबरोबर वाहतुकीच्या मोकळ्या जागांचा स्वतंत्र विचार व्हावा, म्हणजे दादर टीटीसारख्या चौकाची गोलाई आणि रुंदी यांनाही संरक्षण मिळेल. कोणत्याही आगाराच्या विकासाची निविदा काढण्याआधी पुढच्या तीस वर्षांत तिथे किती बस उभ्या राहतील, किती चार्ज होतील आणि त्या कोणत्या वाटेने आत-बाहेर करतील याचा आराखडा लोकांसमोर यावा, त्यावर हरकती मागवाव्यात आणि तळमजला त्या आराखड्याप्रमाणे आखला गेल्यावरच वरच्या मजल्यांची चर्चा व्हावी. आगारात काम करणारे चालक, वाहक आणि यांत्रिक विभागातले कामगार यांना त्या चर्चेत जागा असावी, कारण खांब कुठे आला की गाडी वळत नाही, हे कोणत्याही सल्लागारापेक्षा त्यांना आधी दिसते. आणि पहिला असा आराखडा मागवायचा झाल्यास तो कुलाब्याचा मागवावा, जिथे दीडशे वर्षांपूर्वी नऊशे घोड्यांच्या बळावर या सगळ्याची सुरुवात झाली होती.